उंबऱ्यावर नोल्फा

लिंकाय बेट, ३ जून १९९७

नोल्फा,

तुझं पत्र ईस्टरला आलं आणि आता जून लागला. उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागवायचंच असेल तर पुढचं वाचून रागाव.

मावसाजींचं घर पडणार आहे. आज नाही, उद्या नाही, पण सप्टेंबरच्या मोठ्या भरतीला नक्की. मे महिन्यातल्या वादळाने घरासमोरचा कडा चार पावलं खाल्ला. काल मी मोजलं. पायरीपासून कड्यापर्यंत अकरा पावलं उरली आहेत, आणि माझी पावलं तुला ठाऊक आहेत, कोंबडीची.

सोबत चित्र पाठवते आहे, त्यात सगळं दिसेल. तुझ्यासाठी मुद्दाम काढलेलं नाही. गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी, केटलीतलं पाणी उकळेपर्यंत, मी खिडकीत बसून तुमचं घर काढते. गाणारा घसा साफ करतो, तशी मी हात सोडवते. चांगलं निघालं तर ठेवते, नाहीतर त्याच चुलीत घालते. मग दिवसभर पुस्तकांची चित्रं, म्हणजे कोट घातलेले बेडूक आणि बोलणारे बटाटे.

सध्या तर सांतियागोच्या संपादिकेला समुद्रावरून प्रवास करणाऱ्या घराचंच पुस्तक हवं आहे. फोनवर विचारत होती, "मिंगा म्हणजे नक्की काय हो? घराला चाकं लावता का?" म्हटलं, बाई, सगळं बेट मिळून घर उचकटतं, बैलांनी किनाऱ्यावर ओढतं, भरतीवर तरंगवतं आणि होड्यांनी दुसरीकडे नेऊन लावतं. ती म्हणाली, "किती गोड!" तिला दोर धरायला उभी करायला हवी.

चेष्टा राहू दे. तुमच्या घराचीच मिंगा करायला हवी. चॅपेलच्या मागे मावशीच्या वाट्याची जमीन रिकामी पडली आहे, तिथे नेता येईल. पण तू ये. मागायचं तुझं तुलाच आहे.

तुझी एदेल्मिरा


पुंता आरेनास, १७ जून

एदेल्मिरा,

चित्र पोचलं. स्वयंपाकघरात लावलं आहे. शेजारीण म्हणाली, "कुठल्या कॅलेंडरातलं गं?" मी म्हटलं, कॅलेंडरातलं नाही, माझ्या मावसबहिणीच्या हातचं आहे. ती लिंकायला बसून जे काढते ते सगळ्या देशातली पोरं उशाला घेऊन झोपतात. जरा जास्तच ऐट केली. पण खोटं नाही ना?

उत्तरेकडच्या भिंतीवर एक लाकडी कौल उलटं आहे. बाबांनी घाईत ठोकलं होतं आणि आईने जन्मभर त्यावरून त्यांना टोचून खाल्लं होतं. मी ते साफ विसरले होते. तू विसरली नाहीस. पाणी उकळेपर्यंतच्या वेळात तुला तेही दिसतं! चित्रासमोर मी किती वेळ बसले ते लिहीत नाही, तू फुगशील.

पण मला यायला जमणार नाही. लोकरीच्या सोसायटीत सध्या कामाचा ढीग आहे. आणि खरं सांगू? कोणत्या तोंडाने येऊ? बारा वर्षांपूर्वी बाबांच्या मातीला आले नाही. त्या लोकांच्या दारात जाऊन आता म्हणू, माझं घर ओढा? तू माग ना माझ्या नावाने. तुला कोण नाही म्हणेल?

नोल्फा


लिंकाय, १ जुलै

नोल्फा,

मला सगळ्यांनी नाही म्हटलं. बस तिकडे ऐट करत.

आधी डोन्या क्लोरिंदाकडे गेले. मागच्या पुस्तकातली फुगीर बदक आपणच आहोत हे ओळखून दोन आठवडे ती माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात येऊन पुस्तकाच्या चार प्रती मागून गेली. म्हणून वाटलं, ती तरी हो म्हणेल. तिने बटाट्याचा गरम वडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "नोल्फा आली की सांग. मी दोन पातेली घेऊन येते." बाकीच्या घरांत असंच. चेहरे गोड आणि उत्तर एकच.

मग डॉन बाल्दोमेरो. एक्याऐंशी वर्षांचा झाला तरी बेटावरचे सगळ्यात तगडे बैल त्याचेच, आणि तो हो म्हणाला की पाठोपाठ सगळे हो म्हणतात. त्याने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"घर कुणाचं?"

"नोल्फाचं."

"मग माझ्या दारात तू का?"

"तिने पाठवलंय मला."

"मिंगा निरोपावर मागत नाहीत, एदेल्मिरा. ज्याचं घर त्याने दारात उभं राहून मागायचं. आम्ही एक दिवस देणार, तो दिवस आम्ही परत कुणाकडून घ्यायचा? तुझ्याकडून? तिला देवाने पाय दिलेत ना?"

"दिलेत."

"मग येऊ दे की चालत."

म्हाताऱ्याचा मला राग आला, पण तो चुकीचं काही बोलला नाही. हे घर पलीकडच्या बेटावरून इथे आलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. मावसाजी घरोघर जाऊन टोपी हातात घेऊन उभे राहिले होते, आठवतं? त्या दिवशी पहिला दोर बाल्दोमेरोने धरला होता.

दहा पावलं उरली आहेत. ये गं बाई. सोसायटीची लोकर काही पळून जात नाही.

एदेल्मिरा


पुंता आरेनास, १२ जुलै

एदेल्मिरा,

पाय दिलेत ना म्हणे! सांग त्याला, दिलेत.

मी येणार नाही म्हणजे नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते खरं आहे. त्या लोकांना माझी परीक्षा घ्यायची आहे. आणि तुझंही मला आता नीट कळलं. समुद्रावरून प्रवास करणाऱ्या घराचं पुस्तक! सव्वीस वर्षं जे घर तू फुकटात काढलंस ते पडलं तर सकाळी काय काढशील, पुस्तकात काय घालशील? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? सरळ लिही की, नोल्फा, मला चित्रासाठी घर हवं आहे.

तोंडच बघायचं असेल त्यांना, तर सोबत फोटो आहे. गेल्या वर्षी स्टुडिओत काढलेला. दाखव घरोघर.

नोल्फा


लिंकाय, २४ जुलै

नोल्फा,

तुझं पत्र होडीच्या धक्क्यावरच उभ्याने वाचलं आणि घरी येऊन तीन दिवस काहीच काढलं नाही. बेडूकही नाही. हो, पुस्तकात ते घर आहे. हो, मला ते हवं आहे. भांड्याबद्दल याहून जास्त आज लिहीत नाही, तुला एक दिवस आपोआप कळेल.

फोटो मात्र दाखवला. नवा कोट, गळ्यात मोती, मागे कागदी धबधबा. डॉन बाल्दोमेरोने तो हात लांब करून बघितला, जवळ आणून बघितला, आणि म्हणाला, "ही बाई खानेसुमारीला आली आहे. घरात किती माणसं, किती डुकरं, लिहून घेऊन जाईल. ही आपल्या आन्सेल्मोची पोर नव्हे." वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही तू त्यात सापडली नाहीस.

पण परत येताना एक गोष्ट मनात आली. तो नाही म्हणाला ते फोटोला. दारात तुझा चेहरा नको, असं तो म्हणाला नाही. मग मी काढते तुझा चेहरा. अडचण एवढीच की माझ्याकडे आहे तो एकोणीस वर्षांचा, बोटीच्या कठड्याला टेकून न रडण्याचा प्रयत्न करणारा. आजचा तू दे. पत्रात लिहून दे.

मी बटाटा काढते तेव्हा आधी त्याचे डोळे बघते, मग खाचा, मग माती कुठे चिकटली आहे ते. तसं लिही. आरशासमोर बस आणि कपाळापासून खाली ये. खोटं लिहू नकोस, नोल्फा. चित्रात खोटी रेघ ओढली की ती लगेच ओरडते, आणि ते बाल्दोमेरोलाही ऐकू जाईल.

नऊ पावलं.

एदेल्मिरा


पुंता आरेनास, ४ ऑगस्ट

एदेल्मिरा,

हे सहाव्यांदा लिहिते आहे. पहिल्या पाचांत मी बरी दिसत होते.

केस पांढरे. मी स्वतःच कापते, स्वयंपाकघरातल्या कात्रीने, त्यामुळे उजवीकडे कान दिसतो आणि डावीकडे दिसत नाही. कपाळ आईचं. भुवयांच्या मध्ये दोन रेघा आहेत, एक खूप जुनी, दुसरी या मे महिन्यातली. डोळे तेच, फक्त खालची कातडी सैल झाली आहे. गाल इथल्या वाऱ्याने कायमचे भाजले आहेत, लोकांना वाटतं मी लाजते. वरचा एक दात नाही, म्हणून हसताना मी ओठ मिटते. स्टुडिओवाल्याला वाटलं, बाई गंभीर आहे. हनुवटीवर तीन केस आहेत. दोन उपटते, तिसरा सापडत नाही.

आता मे महिन्याची रेघ. नऊ तारखेला हिवाळ्याच्या पहिल्याच बर्फावर घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत खिळे घातलेत. तेव्हापासून खिडकीशी बसून आहे, पाय स्टुलावर. सोसायटीत काम आहे हे खरं, पण ते माझ्याशिवाय चाललं आहे. तुला लिहिलं नाही, कारण तू सगळं टाकून इथे येऊन बसली असतीस. डॉन बाल्दोमेरोच्या त्या वाक्याने मी इतकी का चिडले ते आता कळलं ना तुला?

आणखी एक लिहिते. चेहऱ्यावर ते कुठे दिसतं मला ठाऊक नाही, तू शोध. बाबांच्या मातीला मी निघाले होते. कास्त्रोच्या धक्क्यापर्यंत पोचले. तिथे कळलं की काल सगळं उरकलं. लिंकायची होडी समोर उभी होती, सुटायला अर्धा तास होता. मी चढले नाही. लाकडाच्या ओंडक्यावर बसून राहिले आणि ती जाताना बघितली. लाज वाटली गं, उशिरा पोचण्याची. बारा वर्षं सगळ्यांना वाटतं की मी निघालेच नाही. ते मला बरं वाटत होतं, त्यात निदान ताठा तरी होता.

आणि भांड्याबद्दल मी जे लिहिलं त्याची माफी माग असं कुणी सांगितलेलं नाही, तरी मागते.

नोल्फा


लिंकाय, २२ ऑगस्ट

माझ्या वेड्या नोल्फा,

आधी पायाचं. तू आलीस की तुला बदडणार आहे. मोडक्या पायाच्या बाईला मारू नये म्हणतात, म्हणून बरा होईपर्यंत थांबेन.

चित्राला अकरा दिवस लागले. चौदा कागद चुलीत गेले. कपाळ तू म्हणालीस तसं, गाल तसे, हनुवटीवरचा तिसरा केससुद्धा मला सापडला, आणि तरी त्या बाईला मी ओळखत नव्हते. मग एक दिवस चेहऱ्यापासून सुरुवातच केली नाही. आधी ओंडका काढला, धक्क्यावरचा. त्यावर बसलेलं अंग, पुढे लांब केलेला पाय, मांडीवरचे हात. शेवटी मान. मान झाली आणि चेहरा आपोआप येऊन बसला. येर्बाचा चहा ओतून मी तुझ्यासमोर बसले आणि अर्धा तास तुला बोल बोल बोलले.

दुसऱ्या दिवशी पावसात निघाले, चित्र मेणकापडात गुंडाळून. बाल्दोमेरोच्या उंबऱ्यावर उघडून दोन्ही हातांत धरलं. माझं तोंड त्यामागे झाकलं.

म्हाताऱ्याने टोपी काढली. छपराचं पाणी माझ्या मानेवर पडत होतं.

"हिला आत घे," तो म्हणाला. "भिजते आहे."

मी आत गेले. त्याने चुलीजवळचं बाक ओढलं, त्यावर मेंढीचं कातडं टाकलं आणि चित्र भिंतीला टेकवून बसवलं. चहाचा पहिला तुंबा भरला तो माझ्या हातात दिला नाही, तुझ्यासमोर ठेवला.

"पाय कधी मोडला?"

"मे महिन्यात."

"बोलली का नाही मग?"

"तुम्ही बोलला होतात का, गेल्या वर्षी बरगडी मोडली तेव्हा?"

तो हसला. चित्राकडे वळून म्हणाला, "आन्सेल्मोही असाच होता. बुडाला असता पण हाक मारली नसती." मग ओंडक्यावर बोट ठेवून, "हा ओंडका कास्त्रोच्या धक्क्यावरचा ना? मीही बसलो आहे त्याच्यावर." मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, नोल्फा. शपथ. तू कशाला बसली होतीस ते त्याने विचारलं नाही. चित्राकडे बघतच राहिला, आणि माझी खात्री आहे की त्याला कळलं.

नंतर तो ताठ उभा राहिला, रीतीप्रमाणे. "मागायला आलीस ते माग, पोरी."

तुझ्या वतीने मी मागितलं. आवाज माझा होता, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"सतरा सप्टेंबरला भरती मोठी आहे," तो तुला म्हणाला. "माझ्या दोन जोड्या. बाकीच्यांकडे तू माग, तुला कोणी नाही म्हणणार नाही."

त्याचं धरून तेवीस घरं फिरले, चार दिवस. सगळ्यांनी तुला आत घेतलं, बसवलं. डोन्या क्लोरिंदा म्हणाली, "म्हातारी झालीस गं!" आणि लगेच आरशापुढे जाऊन स्वतःचे केस सारखे केले. तुला आता धुराचा वास येतो आहे, आणि उजव्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग पडला आहे. मी तो पुसणार नाही.

एदेल्मिरा


लिंकाय, २१ सप्टेंबर

नोल्फा,

तुझं घर पोचलं.

दारं-खिडक्या आदल्या दिवशी काढल्या, आतून ओंडके ठोकून भिंती आवळल्या. तुझं चित्र मी चुलीच्या धुराड्याला बांधलं, म्हणजे तू घरात बसून गेलीस. ओहोटीला सहा जोड्या बैल जुंपले. बाल्दोमेरो काठी उंचावून ओरडला आणि घर कण्हलं, एकदा, दोनदा, मग ओंडक्यांवरून सरकायला लागलं. कड्यावरून उतरताना एका बाजूला इतकं कललं की सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. दोर माझ्या हातात होता. समोर क्लोरिंदा, मागे शाळेच्या बाई. तळव्याची साल निघाली तरी कुणी सोडलं नाही.

मग भरती आली आणि घर तरंगलं. पिंपांवर, शांतपणे. चार होड्यांनी बेटाच्या टोकाला वळसा घालून नेलं. किनाऱ्यावरून आम्ही बरोबर चालत होतो आणि क्लोरिंदा मोठ्याने तुला सांगत होती, "घाबरू नकोस नोल्फा, बस तशीच!" संध्याकाळी मावशीच्या जमिनीवर घर टेकलं. खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिंपले, बटाटे, डुकराचं मांस शिजलं होतं. तुझ्या नावाने जेवण घातलं ते सगळ्यांनी मिळून. उलटं कौल तसंच आहे. एकाने सुलटं करायला हातोडी उचलली होती, मी त्याला ओरडले.

संपादिकेचा फोन आला. "मिंगाची चित्रं काढलीत ना?" एकही नाही, नोल्फा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांसमोर एवढं सगळं घडत होतं आणि माझ्याकडे पेन्सिल नव्हती. दोन्ही हात दोरात होते. आठवून काढीन. आठवायला हाताला फोड आहेतच.

आता ते भांडं. लपवलं होतं, पण तू समजलीस ते नाही. मावशीची जमीन चॅपेलच्या मागे, म्हणजे माझ्या घराच्या पाठीशी. माझ्या टेबलाच्या खिडकीतून ते दिसत नाही. घर वाचलं तर माझ्या खिडकीतून जाणार, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. तुला लिहिलं असतं तर माझ्यासाठी तू नको म्हणाली असतीस.

काल सकाळी केटली ठेवली आणि खिडकीत बसले. समोर कडा, चार दगड आणि पाणी. पाणी उकळलं, आटलं, केटली करपायला आली. हात सुटला नाही.

तरी मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओढीन.

एदेल्मिरा


पुंता आरेनास, ५ ऑक्टोबर

एदेल्मिरा,

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून तिकीट काढून आणलं. पंचवीस तारखेला कास्त्रो, सव्वीसला लिंकायची होडी. या वेळी चढणार. डॉक्टर काठी घेऊन जा म्हणतात, घेते.

पाहुणी म्हणून येत नाही. तेवीस घरांनी मला एकेक दिवस दिला, तो परत करायचा आहे. शेतात उभी राहू शकणार नाही, पण बसून बटाटे सोलता येतात, लोकर कातता येते, क्लोरिंदाचं बोलणं ऐकता येतं. तेही कामच आहे. पहिला दिवस डॉन बाल्दोमेरोचा. त्याच्या उंबऱ्यावर उभी राहीन, आणि ओळखलं नाही तर तुझं चित्र दाखवीन.

तू चौदा कागद जाळून माझा चेहरा काढलास. तो मी अजून पाहिला नाही, तरी आता आरशात दिसतो. इथे आल्यापासून चौतीस वर्षं मी स्वतःकडे स्टुडिओवाल्यासारखी बघत होते. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून मानत नाही.

पण एक विचारायचं आहे. तेवीस दिवस माझी कामं उन्हं वर आल्यावर सुरू होतील. पहाटे मी रिकामीच असेन. तुझं पाणी उकळेपर्यंत, त्या चार दगडांपाशी, तुझ्या खिडकीसमोर येऊन बसत जाईन.

हात सोडवायला मी चालेन का?

तुझी नोल्फा